लेस्टरची फेरमोजणी

चूक माझीच. इंग्लंडमधल्या आमच्या लेस्टरला सलग चौथ्या दिवशी पाऊस पडत होता आणि सासरेबुवा सोफ्यावर बसून आमच्या छतावरच्या ओलीच्या डागाकडे एकटक पाहत होते. सासरा जावयाच्या घरातली ओल निरखू लागला की जावयाने विषय बदलावा, हे शहाणपण मला होतं. फक्त कुठला विषय काढावा, ते नव्हतं. मी लॅपटॉप उघडला आणि म्हणालो, "अण्णा, जुने नकाशे बघता?"

अण्णा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. आयुष्यभर दोन भावांच्या मधल्या बांधावर उभं राहून त्यांनी दोघांच्याही शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांना नकाशा दाखवणं म्हणजे निवृत्त पैलवानाला आखाड्याची माती दाखवणं.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटनचे जुने सरकारी नकाशे फुकट पाहायला ठेवले आहेत. एका बाजूला आजचं उपग्रहचित्र, दुसऱ्या बाजूला त्याच जागेचा जुना नकाशा. मी १८८०च्या दशकातला मैलाला पंचवीस इंचांचा लावला. आमच्या घराच्या जागी शेत निघालं. शेताच्या तुकड्याला क्रमांक, त्याखाली एकरात क्षेत्रफळ, तेही तीन दशांश स्थळांपर्यंत.

"गट नंबर!" अण्णा उठून उभे राहिले. व्हिसा मिळाला तेव्हासुद्धा हा चेहरा इतका उजळला नव्हता.

मग मला साखळी शिकवण्यात आली. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकात ६६ फुटांची साखळी रूढ केली. क्रिकेटची खेळपट्टी म्हणजे अशी एक साखळी. आपल्याकडची त्याच्या निम्मी, ३३ फुटांची, सोळा आणे म्हणजे सोळा भागांची. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. "म्हणजे हे लोक आपलेच निघाले," अण्णांनी निकाल दिला. संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा सुतळीचं एक टोक माझ्या हातात होतं.

"पाऊण गुंठा," मागच्या बागेत अण्णांनी जाहीर केलं. कर्जाचे अजून बावीस वर्षांचे हप्ते बाकी असताना हा आकडा ऐकायची माझी तयारी नव्हती. त्यातून त्यांना कुंपण वीतभर आत आल्याचा संशय. मी घराच्या नोंदणीचा नकाशा दाखवला आणि समजावलं की इथे नकाशावरची हद्द सहसा 'सर्वसाधारण' असते, नेमकी नसते.

"सर्वसाधारण हद्द?" अण्णा खाली बसले. "आणि यांनी आमच्यावर दीडशे वर्षं राज्य केलं?"

दुसऱ्या दिवसापासून गावाची फेरमोजणी सुरू झाली. रजा माझी, छत्री माझी, नेतृत्व अण्णांचं. गॅलोट्री गेट म्हणजे लेस्टरची भर बाजारपेठ. तिच्या मधोमध अण्णा थांबले. "गेट कुठाय?"

मी रात्री वाचून ठेवलं होतं. नवव्या शतकात इथे डेन्मार्ककडचे डेन लोक आले आणि त्यांच्या भाषेत 'गाता' म्हणजे रस्ता. त्याचंच पुढे गेट झालं. त्यामुळे चर्चगेट, हम्बरस्टोन गेट, बेलग्रेव्ह गेट हे सगळे नुसते रस्ते.

"मग गावाला वेशी नव्हत्या?"

"चार होत्या. अठराव्या शतकात पाडल्या."

"म्हणजे जिथे गेट लिहिलंय तिथे रस्ता. आणि जिथे खरं गेट होतं तिथे?"

"तिथेही रस्ताच. पण हे पलीकडचं ईस्टगेट्स आहे ना, त्यातलं गेट मात्र खरंखुरं गेट."

अण्णांनी माझ्याकडे चुकीचा उतारा देणाऱ्या तलाठ्याकडे पाहावं तसं पाहिलं. गॅलोट्री म्हणजे फाशीचं झाड आणि हा तिकडे नेणारा रस्ता, हे कळल्यावर मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हिला सांगू नका." सासूबाई त्याच रस्त्यावरच्या दुकानात माझ्यासाठी स्वेटर निवडत होत्या.

नकाशात पाहून चालावं, तर मध्ययुगातला हाय स्ट्रीट म्हणजे आजचा हायक्रॉस स्ट्रीट आणि आजच्या हाय स्ट्रीटवर तेव्हा डुकरांचा बाजार भरे. तासभर आम्ही डुकरांच्या बाजारात हाय स्ट्रीट शोधत होतो. न्यू वॉक नावाचा रस्ता १७८५ सालचा. याचं अण्णांना काहीच वाटलं नाही. पुण्यातला नवा पूल शंभरी ओलांडून नवाच आहे. होली बोन्स, म्हणजे पवित्र हाडं, या गल्लीच्या तोंडाशी मात्र ते चपला काढाव्यात की नाक धरावं या विचारात क्षणभर घुटमळले. सासरवाडीचा पाहुणा म्हणून सांगत नाही, पण या वयात दिवसाला चौदा हजार पावलं चालणारा माणूस घरी असू नये.

बसच्या पाट्यांचाही त्यांनी फडशा पाडला. डेन लोकांच्या भाषेत 'बी' म्हणजे गाव आणि 'थॉर्प' म्हणजे वाडी. त्यामुळे ओडबी, ब्लेबी ही गावं आणि काउंटेसथॉर्प ही वाडी. बेलव्हॉयर असं लिहिलेल्या रस्त्याला लोक 'बीव्हर' म्हणतात हे कळल्यावर त्यांनी इंग्रजी स्पेलिंगचा नाद सोडला.

खरा गोंधळ १६१० सालच्या नकाशाने घातला. तो काढणारा जॉन स्पीड मूळचा शिंपी. लेस्टरच्या ग्रेफ्रायर्स मठात राजा तिसरा रिचर्ड पुरलेला होता. १४८५मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला होता. स्पीडने नकाशात ग्रेफ्रायर्स हे नाव ब्लॅकफ्रायर्स या दुसऱ्याच मठाच्या जागेवर टाकलं आणि राजाची कबर सापडत नाही, नुसती खाजकुयली माजली आहे, अशा अर्थाचं लिहून मोकळा झाला.

"शिंपी असून माप चुकला!" अण्णांना हे फार लागलं. "अहो, हा दुसऱ्याच गटात उभा होता!"

राजा बाहेर यायला २०१२ साल उजाडलं. खऱ्या ग्रेफ्रायर्सच्या जागेवर तोवर नगर परिषदेचं वाहनतळ झालं होतं. खणायला सुरुवात केली त्याच दिवशी, २५ ऑगस्टला, पायाची हाडं लागली. अण्णांनी ती जागा काचेतून खाली वाकून पाहिली, हात जोडले आणि म्हणाले, "नोंद चुकली की माणसाच्या डोक्यावर पार्किंग होतं. तुमचं ते कुंपण एकदा बघून घ्या."

शेवटचा टप्पा बेलग्रेव्ह रोड. साड्या, सोनं, फाफडा, जिलेबी. इथे मोजायला काही नाही म्हणून मी निर्धास्त होतो. पण अण्णांनी विचारलंच, "आणि याचं जुनं नाव?"

१०८६च्या महसुली पाहणीत बेलग्रेव्ह हे गाव 'मर्दग्रेव्ह' म्हणून लागलेलं आहे. मूळ अर्थ साधा, मार्टन नावाच्या मुंगसाच्या चणीच्या प्राण्याची राई. पण जिंकून आलेले नॉर्मन फ्रेंच बोलत आणि फ्रेंचमध्ये 'मर्द' म्हणजे... मी रस्त्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... सकाळी जे करतात ते."

अण्णा गंभीर झाले. "मग?"

"मग मर्दचं त्यांनी बेल केलं. बेल म्हणजे सुंदर."

"अरे, म्हणजे हे तर हगणदारीमुक्त गाव!" अण्णा इतक्या मोठ्याने म्हणाले की साडीच्या दुकानातला गुजराती भाऊ दारात आला. "पण झाडलं काही नाही ना? नुसतं नाव बदललं?"

"नुसतं नाव."

"कागदोपत्री," अण्णा समाधानाने म्हणाले. साता समुद्रापलीकडे त्यांना पहिल्यांदाच आपलं खातं भेटलं होतं.

तेवढ्यात सासूबाई हातात जिलेबीचा पुडा घेऊन आल्या. "काय छान भाग आहे हो! कुठल्या गावाचा रस्ता म्हणायचा हा?"

अण्णांनी पुडा उघडला आणि एक वेटोळं त्यांच्या हातावर ठेवलं.

"आधी खाऊन घे. नाव नंतर सांगतो."