‘निग्रो’ खोडायचं की ठेवायचं?

अनुवाद तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या १९६०च्या दशकातल्या भाषणांचा अनुवाद हातात आला. मुलगा तरुण, मनापासून काम करणारा. मूळ इंग्रजीत जिथे जिथे ‘निग्रो’ आहे, तिथे तिथे त्याने ‘कृष्णवर्णीय’ केलेलं. मी समासात लिहिलं, ‘मूळ शब्द ठेवा.’ लगेच फोन. “ताई, अहो, तो शब्द आता शिवी समजतात.”

म्हटलं, अरे, पण बोलतायत मार्टिन ल्यूथर किंग. १९६३च्या वॉशिंग्टनच्या भाषणात हा शब्द किती वेळा येतो ते मोज. ते काय स्वतःच्याच लोकांना शिव्या देत होते?

वाद मी जिंकले. (अंतिम प्रतीवर सही माझी असते, हेही एक कारण.) पण जिंकल्यासारखं वाटेना.

कारण त्या फोनवर मी माझं ठेवणीतलं अस्त्रही काढलं होतं. १९२८ साली एका शाळकरी मुलाने काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘द क्रायसिस’ या अमेरिकी मासिकाला पत्र लिहिलं की ‘निग्रो’ हे नाव अपमानास्पद आहे, ते तुम्ही का छापता? संपादक होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, स्वतः काळे आणि मोठे विचारवंत. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा: बाळा, नाव म्हणजे वस्तू नव्हे, नाव बदललं म्हणून वस्तुस्थिती बदलत नाही. ‘रोज नवे शब्द कुठून शिकायचे’ म्हणून कुरकुरणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे उत्तर फार आवडतं.

मात्र याच ड्यू बॉइस यांनी ‘निग्रो’तला पहिला ‘एन’ मोठ्या लिपीत छापावा म्हणून वर्षानुवर्षं भांडण केलं, हे मी त्या मुलाला सांगितलं नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते मान्य केलं १९३०मध्ये. म्हणजे नावात काही नाही म्हणणाऱ्या माणसाला एका अक्षराची उंची बोचत होती. आणि ते बोचणं रास्तच होतं. बाकी सगळ्या समाजांची नावं मोठ्या अक्षराने सुरू व्हायची, यांचंच तेवढं छोट्या. ऑगस्ट १९६३मध्ये, किंग यांच्या त्या भाषणाच्या आदल्याच दिवशी, ड्यू बॉइस घानात वारले. त्यांनी ज्याला मोठं अक्षर मिळवून दिलं, तो शब्द दुसऱ्या दिवशी त्या व्यासपीठावरून मानाने उच्चारला गेला. पुढच्या काही वर्षांतच तरुण पोरांनी तो टाकून दिला. १९६६मध्ये तरुण काळे नेते स्टोकली कारमायकेल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची हाक दिली आणि तोवर ज्या शब्दाने हिणवलं जायचं, तोच छाती काढून मिरवला जाऊ लागला. १९८८मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन म्हणाले, ‘आफ्रिकन-अमेरिकन’ म्हणा. २०२०मध्ये ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने ‘ब्लॅक’चा ‘बी’ मोठा केला. पुन्हा अक्षराच्या उंचीचाच प्रश्न! देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही, त्यामुळे हे शंभर वर्षांचं भांडण आमच्या अनुवादात उमटतच नाही.

आणि आपलं ‘कृष्णवर्णीय’ तरी काय आहे? गोऱ्याला आपण बिनदिक्कत गोरा म्हणतो. काळ्याला काळा म्हणताना मात्र जीभ अडखळते आणि आपण संस्कृतच्या आडोशाला जातो. त्या लोकांनी ‘काळा’ हा शब्द हट्टाने, अभिमानाने घेतला, आणि आपण त्यावर परत शाल पांघरतो. शाल पांघरायला लागावं असं त्यात काय आहे, हे एकदा स्वतःला विचारून बघा. ‘हबशी’चंही तेच. इथिओपियातले कितीतरी लोक स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात. इतिहासाच्या पुस्तकात मलिक अंबरही हबशी म्हणूनच भेटतो, साध्या ओळखीसारखा. बोलण्यात मात्र आपण त्या शब्दाची टवाळी करून टाकली.

आपल्यावर बेतलं तेव्हा काय झालं? १९२० ते १९४० या तीन अमेरिकी जनगणनांत ‘हिंदू’ हा एक वंश होता. मग धर्म कुठलाही असो. भगतसिंग थिंड शीख होते, अमेरिकी सैन्यात राहिलेले, पण त्यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ते ‘हिंदू’च. नोव्हेंबर १९२२मध्ये याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला नागरिकत्व नाकारलं होतं, कारण नागरिकत्वाच्या कायद्यातला ‘गोरा’ म्हणजे ‘कॉकेशियन’ वंशाचा आणि तो कॉकेशियन नाही. थिंड म्हणाले, मग तुमच्याच शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत आम्ही कॉकेशियन आहोत की! त्यावर फेब्रुवारी १९२३मध्ये न्यायालय म्हणालं, शास्त्रज्ञ काय म्हणतात ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा. अवघ्या तीन महिन्यांत शब्दाचा अर्थ फिरला आणि दोन्ही वेळा दार बंदच राहिलं. पुढे अनेक भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. शब्दांच्या चर्चेला रिकामपणचे उद्योग म्हणणाऱ्यांनी एवढं एक प्रकरण वाचावं.

आता दुसऱ्या बाजूचंही कबूल करते. ज्यांचं नाव, त्यांनी ठरवावं, हे म्हणायला सोपं. पण ‘ते’ म्हणजे काही एक माणूस नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांना २०२०मध्ये ‘कलर्ड’ म्हटल्यावरून पायउतार व्हावं लागलं, तर दक्षिण आफ्रिकेत आजही लाखो लोक स्वतःची ओळख ‘कलर्ड’ अशीच सांगतात. अमेरिकेत लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांसाठी ‘लॅटिनएक्स’ हा स्त्री-पुरुष भेद टाळणारा शब्द विद्यापीठांपासून कंपन्यांपर्यंत पोचला, आणि २०२०च्या ‘प्यू’ या संशोधन संस्थेच्या पाहणीत हिस्पॅनिक प्रौढांपैकी जेमतेम ३ टक्के तो स्वतःसाठी वापरत होते. बाहेरच्याने शहाणपणाने दिलेलं नाव, ते कितीही गोड असो, बाहेरच्याचंच राहतं.

तर शेवटी मी काय केलं? भाषणांत ‘निग्रो’ ठेवलं. किंग यांच्या तोंडचा शब्द बदलायचा मला अधिकार नाही. प्रस्तावना मात्र आजची, आमची. तिथले सगळे ‘कृष्णवर्णीय’ काढून ‘काळे’ केले. त्या मुलाला फोन करून ड्यू बॉइस यांची राहिलेली अर्धी गोष्टही सांगितली. तो फक्त “हं” म्हणाला.

काल प्रकाशकांचा निरोप आला. प्रस्तावना उत्तम आहे, फक्त ‘काळे’च्या जागी जरा सौम्य शब्द मिळेल का?