‘जमीन द्या, करोडपती व्हा’वाल्या फॉरवर्डला उत्तर

मामाने परवा एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला, खाली फक्त एवढंच, ‘खरं आहे का गं हे?’ मामा पेण तालुक्यात राहतो, त्याचं गाव कर्नाळा-साई-चिरनेर नव्या शहरात आलंय. मार्च 2024 मध्ये सरकारने उरण, पनवेल आणि पेणमधली 124 गावं, साधारण 323 चौरस किलोमीटर, नवं शहर वसवायला एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिली, लोक त्यालाच तिसरी मुंबई म्हणतात. जमीन द्यायला हरकती घेऊ नका, नवी मुंबईत जमीन देणाऱ्यांचं कसं भलं झालं ते बघा आणि शहाणे व्हा, असा त्या फॉरवर्डचा सगळा सूर. गावाच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच फिरतोय. ‘अभ्यासपूर्ण पोस्ट’ म्हणून कोणीतरी वर हात जोडलेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, ‘नवी मुंबई ओसाड दलदलीवर उभी राहिली, तिथे कोणी राहत नव्हतं.’

हे वाचून डोकंच फिरलं. 344 चौरस किलोमीटर, 95 गावं, हा सरकारी आकडा आहे. कोणी राहत नव्हतं तर गावं कसली मोजली? भातशेती होती, मिठागरं होती, खाडीत मासेमारी होती, आगरी-कोळी-कराडी समाज पिढ्यान्‌पिढ्या होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, यायच्या आधीच कारखाने आले होते. आणि आता ‘तिसऱ्या मुंबई’लाही तेच चालू, ‘तिकडे आहे काय, डोंगर आणि खाडी’. अरे, ज्या चिरनेरचं नाव त्या शहराला दिलंय तिथे 1930 ला जंगल सत्याग्रहात माणसं गोळ्या खाऊन मेली, ती काय डोंगरातून उगवली होती? जागा ओसाड ठरवली की जाणाऱ्या माणसाचा हिशोबच मांडावा लागत नाही, म्हणून हे वाक्य कायम पहिल्या नंबरला असतं.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक, तिथेच जरा थांबते. ‘सरकारने शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन फुकट दिली, सगळे करोडपती झाले.’

एक तर ‘दिली’ नाही, घेतली. जमिनी घ्यायला 1970-71 ला सुरुवात झाली, तेव्हा घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परत वगैरे काही नव्हतं, पैसे घ्या आणि बाजूला व्हा एवढंच. मग शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन, 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दास्तान फाटा आणि नवघर फाट्याला पोलिसांचा गोळीबार, पाच जण हुतात्मा. जासईला दरवर्षी त्यांचा दिवस पाळतात, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एकदा जाऊन यावं. त्यानंतरही नवी मुंबईसाठी साडेबाराचा शासन निर्णय निघायला 6 मार्च 1990 उजाडलं. म्हणजे जमीन गेली तेव्हा जो चाळिशीत होता तो साठीला आला तेव्हा नुसता कागद निघाला, प्लॉट अजून लांबच.

दुसरं म्हणजे साडेबारा हे साडेबारा नाहीच. सिडकोच्या योजनेतच स्पष्ट आहे, या साडेबारातून 30 टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात. हातात येतात पावणेनऊ. मामा, आपल्या भाषेत सांगते. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे पावणेनऊ टक्के म्हणजे साडेतीन गुंठे, साधारण 354 चौरस मीटर. आता सातबाऱ्यावर चार भाऊ, तीन बहिणी आणि एक वारलेला काका असेल तर त्या साडेतीन गुंठ्यांचे तुकडे तुम्हीच पाडा. ज्याचे दहाच गुंठे गेले त्याच्या वाट्याला 88-89 चौरस मीटर, म्हणजे दोन बरी दुकानं निघतील एवढी जागा. आणि तीही मालकीची नाही, 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर.

आणि या मधल्या वीस-पंचवीस वर्षांत काय झालं ते घणसोली-कोपरखैरण्यात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. ‘फाइल विकली’ हा शब्द तिकडे लहान पोरालाही कळतो. प्लॉट मिळेल तेव्हा मिळेल, आत्ता पोरीचं लग्न आहे, बापाचं ऑपरेशन आहे, वारस दाखल्यासाठी खेटे घालून चपला झिजल्यात, मग कोणीतरी पांढऱ्या शर्टातला माणूस येतो आणि पात्रताच, म्हणजे प्लॉट मिळायचा हक्कच, विकत घेतो. पुढे त्या प्लॉटवर सात मजली बिल्डिंग उठते आणि मूळ मालक तिथे मेंटेनन्स भरूनसुद्धा राहू शकत नाही.

हां, ज्यांनी फाइल विकली नाही, ज्यांचा प्लॉट मोक्याच्या सेक्टरला लागला, त्यांचं भलं झालं हे खरं आहे. गाड्या, बंगले, सगळं आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या चार घरांचे फोटो दाखवून ‘सगळे’ म्हणायचं हा शुद्ध बनाव आहे. बाकीच्यांची घरं आजही ‘गरजेपोटी बांधलेली’ या सरकारी नावाखाली लटकलेली आहेत. कुटुंब वाढलं, गावठाण वाढवून मिळालं नाही, पोरांनी अंगणात मजला चढवला, ते अनधिकृत. नोडच्या, म्हणजे सिडकोने आखलेल्या वसाहतीच्या, रुंद रस्त्यावरून गावात वळा, पन्नास पावलांत गल्ली एवढी होते की समोरून रिक्षा आली तर बाइकवाल्याला कोणाच्या तरी ओट्यावर पाय टेकावा लागतो आणि डोक्यावर वायरींचं जाळं. हे पण ‘नियोजित शहर’च आहे बरं का.

तिसरा मुद्दा, ‘आधी रस्ते-रेल्वे-पाणी, मग माणसं.’ उलटं आहे. वाशीचा खाडीपूल 1973 चा आणि पहिली लोकल वाशीला आली मे 1992 मध्ये. मधली जवळजवळ वीस वर्षं लोक बसला लोंबकळून मुंबईला जायचे. उलव्यात लोक फ्लॅट घेऊन बसले, तिथल्या खारकोपर स्टेशनपर्यंत गाडी आली 2018 ला, उरणला जानेवारी 2024 मध्ये. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम 2011 ला सुरू, धावली नोव्हेंबर 2023 ला. पाण्याचं म्हणाल तर मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे, त्या बाबतीत वाशी-नेरूळवाले नशीबवान. पण खारघर-उलव्याच्या सोसायट्यांना मे महिन्यात विचारा टँकर केवढ्याला पडतो.

चौथा, ‘सरकारने स्वतःच्या तिजोरीतून शहर उभं करून दिलं.’ सिडकोची पद्धतच अशी की स्वस्तात आलेली जमीन विकसित करून विकायची आणि त्या पैशातून शहर बांधायचं. मानखुर्द-बेलापूर रेल्वेचा 67 टक्के खर्च सिडकोने उचलला, रेल्वेने 33. सिडकोकडे पैसा कुठून आला? प्लॉट विकून. प्लॉट कोणाच्या शेतावर पडले? मग सांगा उपकार कोणाचे कोणावर.

पाचवा, ‘मुंबईची गर्दी कमी झाली.’ 1971 ला मुंबई साठ लाख होती, 2011 ला सव्वा कोटीच्या आसपास. पुढे बोलायची गरज आहे का? 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, त्यात सरकारी कारभारच तिकडे न्यायचा हा मोठा भाग होता. मंत्रालय जागचं हललं नाही, वर नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उठले. बेलापूरला कोकण भवन हे एक सरकारी कार्यालय आलं, बस.

सहावा, ‘प्रत्येक सेक्टरला शाळा, मैदान, मार्केट.’ हे बऱ्यापैकी खरं आहे, मान्य करायला जीवावर येतं पण करते. कागदावर जागा आधीच राखून ठेवल्या म्हणून वाशी-नेरूळ आज नालासोपाऱ्यासारखं झालं नाही. फक्त त्या शाळांचे प्लॉट संस्थांना गेले आणि त्यांची आजची फी गावातल्या पोराला परवडते का ते फॉरवर्डमध्ये नाही.

शहर नकोच असं माझं म्हणणं नाही, पोरांना नोकऱ्या लागतात, अटल सेतू थेट चिर्ल्याला उतरलाय, शहर येणारच आहे. पण हरकत घेणं म्हणजे विकासविरोध नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. 1984 ला लोक गप्प बसले असते तर आज फॉरवर्डमध्ये मिरवायला साडेबारा पण नसते. एमएमआरडीएवाले असोत की आणखी कोणी, त्यांना विचारायचं ते एवढंच, कापून नेमके किती टक्के हातात, किती वर्षांत, मालकीने की भाड्याने, आणि गावठाणाच्या हद्दी आधी वाढवणार की नंतर. आणि हे लेखी.

मामाला फोनवर हेच सगळं सांगितलं आणि वर एक काम लावून दिलंय. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, मावशीचं तर कुठेच नाही. सोमवारी तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदीचा अर्ज टाकायचा. आणि मामाला तो फॉरवर्ड पाठवणारा त्याचा भाचेजावई जमिनीचे दलालीचे व्यवहार करतो हे मला त्या फोनवरच कळलं.