हप्ता फिटला म्हणून गरिबी फिटत नाही

‘बाईच्या हातात कर्ज द्या, जगाची गरिबी हटेल’ असा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यात चार दावे आहेत. जगातल्या गरिबांपैकी 70 टक्के स्त्रिया आहेत. स्त्री कमाईतले 90 टक्के घरावर खर्च करते, पुरुष जेमतेम 30-40. स्त्रियांची परतफेड 98 टक्के, म्हणजे योजना यशस्वी. आणि कर्ज मिळालं की घरात तिचा शब्द चालू लागतो. माझ्या भाचीने हे सगळं आपल्या संस्थेच्या निधी-अर्जात जसंच्या तसं उतरवलं, तेव्हा गप्प राहणं अशक्य झालं.

पहिल्या दोन दाव्यांवर फार वेळ नको. गरिबी मोजतात ती घराची. घर गरीब ठरलं की नवरा, बायको, मुलं सगळीच गरीब. या मोजणीत स्त्रियांचा वाटा 70 टक्क्यांवर न्यायचा तर कोट्यवधी गरीब घरांत पुरुषच नसायला हवेत! फरक आहे, पण तो एवढा नाही. 2018 साली जागतिक बँक आणि यूएन विमेन (संयुक्त राष्ट्रांची स्त्रियांसाठीची संस्था) यांनी 89 देशांची आकडेवारी मांडली, तेव्हा 25 ते 34 या वयात 100 गरीब पुरुषांमागे 122 गरीब स्त्रिया निघाल्या. 90 टक्क्यांच्या आकड्यामागे तर धड पाहणीच नाही. त्यात अर्धसत्य आहे, हे मात्र नाइलाजाने मान्य करावं लागतं. दक्षिण आफ्रिकेत आजीला पेन्शन मिळू लागल्यावर घरातल्या नातींचं उंचीच्या मानाने वजन सुधारलं. आजोबांच्या पेन्शनने तसं झालं नाही.

खरा घातक दावा परतफेडीचा. परतफेडीवरून कर्ज देणाऱ्याची तब्येत कळते, घेणारीची नाही. नेहमीच्या लघुकर्जात, म्हणजे बायकांच्या गटाला तारणाशिवाय मिळणाऱ्या छोट्या कर्जात, पहिला हप्ता आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतो. म्हणजे पैसा अशाच कामात घालायचा की जे लगेच रोकड देईल. माल आणा, विका, हप्ता भरा. यंत्र घेऊन हात बसेपर्यंत थांबणं परवडत नाही. तरी हप्ता चुकत नाही, कारण चुकला तर गटातल्या बाकीच्या जणी दारात येतात. मग नवऱ्याच्या मजुरीतून, खाण्याच्या खर्चाला कात्री लावून किंवा दुसरीकडून कर्ज काढून तो भरला जातो. 98 टक्क्यांत हे सगळं ‘यश’ म्हणूनच मोजलं जातं.

कोलकात्यातला प्रयोग यावर पुरेसा आहे. 2013 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. काही कर्जदार स्त्रियांचा पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी, काहींचा दोन महिन्यांनी. कर्ज तेच, व्याज तेच. उसंत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. मात्र त्यांच्यातच थकबाकीही वाढली, कारण जोखमीचा धंदा कधी बुडतोही. थोडक्यात, जिथे नफा वाढला तिथेच परतफेड घसरली. मग परतफेडीला यशाची मोजपट्टी कशी म्हणायची?

चौथा दावाही असाच. 2015 मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. लघुकर्जाचा फायदा दिसला तो माफक, आयुष्य पालटणारा नाही. श्रीलंकेत छोट्या धंद्यांना थेट अनुदान दिलं, तेव्हा पुरुषांचा नफा वाढला, स्त्रियांचा नाही. यावरून ‘बायकांना धंदा जमत नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. 2019 मध्ये भारत, घाना आणि श्रीलंकेतली माहिती पुन्हा तपासली गेली. घरात तिचा एकटीचाच धंदा असेल तर तिचा परतावा पुरुषांपेक्षा कमी नव्हता. नवऱ्याचाही धंदा असेल, तर पैसा तिकडे वळत होता. म्हणजे पैसा हाती आला म्हणून घरात तिचा शब्द चालतोच असं नाही.

म्हणून अर्जातून 98 टक्के काढून त्या जागी असं लिहावं: पहिला हप्ता किती दिवसांनी, पैसा कोणाच्या एकटीच्या खात्यात, यंत्र किंवा जनावर कोणाच्या नावावर, आणि ती कामावर असताना मुलं कोण सांभाळणार. धंद्याचा नफा मोजावा, तोही कर्ज फिटल्यानंतर वर्षभराने.