ज्युदो ‘नुसता खेळ’ आहे का?

‘ज्युदोतले धोकादायक डाव काढून टाकलेत, त्यामुळे रस्त्यावर त्याचा शून्य उपयोग’ असा संदेश सध्या फिरतोय. पहिलं अर्धं खरं आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हाच ठोसे, लाथा आणि घातक डाव मुक्त सरावातून बाजूला ठेवले. ते ठरावीक क्रमाच्या ‘काता’ प्रकारात उरले. 1964 मध्ये ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला म्हणून हे घडलं असं म्हणणं म्हणजे इतिहास उलटा वाचणं. उलट याच बदलामुळे खेळाडूला रोज पूर्ण ताकदीनिशी विरोध करणाऱ्या माणसाला पाडून बघता येतं. हवेत ‘प्राणघातक’ हात फिरवणाऱ्याला हा अनुभव कुठून मिळणार? आपल्या धोबीपछाडसारखा डाव फरशीवर बसला, तर गुणफलकाची गरज उरत नाही. आणि पडताना डोकं वाचवायची सवय तर घसरड्या मोरीतही कामी येते.

मर्यादाही आहेत, त्या लपवू नयेत. ज्युदोच्या मुक्त सरावात ठोसा चुकवायची सवय होत नाही. पकड जाड ज्युदोगीची (ज्युदोच्या पोशाखाची) असते, टी-शर्टची नव्हे. स्पर्धेत पंच थांबवेपर्यंत पालथं पडून राहणं चालतं. रस्त्यावर तेच अंगाशी येईल. 2013 पासून स्पर्धेत हातांनी पाय पकडायलाही बंदी आली, म्हणून अनेक क्लासमध्ये ते डाव शिकवतच नाहीत.

चाकू किंवा तिघे-चौघे समोर असतील, तर पळा. ज्युदो येत असला तरी.