डोंबिवली ते डोंबिवली, व्हाया फ्रँकफर्ट

आमच्याकडे 200 एमबीपीएसचं नेट आहे. बिलावर आहे, स्पीड टेस्टमध्ये आहे, चिरंजीव हॉलमध्ये मॅच बघतात तेव्हा टीव्हीवरही असतं. मी ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे घरातून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा, जोडलं की मात्र ते कुठे परागंदा होतं देव जाणे. एक्सेलची फाइल उघडायला टाकायची, आंघोळ उरकायची, आणि येऊन बघावं तर निळी पट्टी अजून निम्म्यावर.

नेटवाल्याचा मुलगा येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरतो. "बघा काका, फुल येतंय. तुमच्या व्हीपीएनचा प्रॉब्लेम आहे." हेल्पडेस्क म्हणतो, "सर, आमच्याकडे सगळं ओके आहे, प्रोव्हायडरशी बोला." दोघंही खरंच बोलतात, हीच खरी पंचाईत. घरापासून नाक्यापर्यंतचं नेट याचं, ऑफिसच्या दारापासून आतलं त्यांचं, आणि मधल्या बोगद्याला मायबापच नाही. हेल्पडेस्ककडे रीतसर तक्रार करायची तर तिकीट काढावं लागतं. तिकिटाचं पोर्टल फक्त व्हीपीएनवरच उघडतं.

आमचा हा बोगदा निघतो थेट फ्रँकफर्टला, कारण कंपनीचा गेटवे, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कचं दार, तिथे आहे. ऑफिसची फाइल आणायला तिकडे जाणं मी समजू शकतो. पण लॅपटॉपवरचं सगळंच त्या वाटेने जात होतं. म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून कोथिंबीर आणायची तीही जर्मनीला वळसा घालून! जुलैच्या धो धो पावसात बायकोने लोकल चालू आहेत का ते बघायला माझा लॅपटॉप उघडला, तर समोर जर्मन भाषेत बार्बेक्यूच्या शेगडीची जाहिरात. "तू दिवसभर हे बघतोस?" असं तिने विचारलं. यावर गेटवे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

बरं, काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबईहून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजारांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन 65 मिलिसेकंद गेलेच. आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही. तेवढ्यापुरतं कुणाचंही तिकीट काढून उपयोग नाही.

बाकीच्या गोष्टींवर मात्र हात चालवता येतो. आमचा राउटर आईने शोकेसच्या खालच्या बंद कप्प्यात ठेवला होता, "ते दिवे लुकलुकतात, बरं दिसत नाही" म्हणून. वर क्रोशाचा रुमाल. 5 गिगाहर्ट्‌झचं वायफाय वेगवान खरं, पण भिंत आली की धाप लागते. 2.4 चं भिंतीपलीकडे पोचतं, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि अख्खी सोसायटी त्यावर दाटीवाटीने बसलेली. शेवटी नेटवाल्याच्या मुलाकडून बेडरूमपर्यंत केबल ओढून घेतली. लॅपटॉपने वेग दाखवला 100. प्लगकडे नीट पाहिलं तर आठांपैकी चारच तारा आत बसवलेल्या, उरलेल्या चार बाहेरच कापून टाकलेल्या. 100 ला चार पुरतात, त्यापुढे आठही लागतात. "चालतंय ना काका, मग?" असं म्हणत त्याने आठही बसवून दिल्या. झाडू मारताना मावशी त्या केबलला रोज अडखळतात आणि रोज मला ऐकवतात.

तरी व्हीपीएन रखडायचंच. लॉगिन व्हायचं, चॅट जायचं, मोठी फाइल आली की गाडं अडायचं. मग हेल्पडेस्कचा एक शहाणा पोरगा फोनवर भेटला. त्याने कमांडची काळी खिडकी उघडून पिंग, म्हणजे चाचणीचं पॅकेट (डेटाचं पाकीट), टाकायला लावला, 1472 बाइटचा. उत्तर आलं, पॅकेटचे तुकडे करावे लागतील आणि तशी परवानगी नाही. पत्त्याबित्त्याचे वरचे 28 बाइट धरून पॅकेट पुरे 1500 चं जायला हवं, पण आमच्या नेटचं पीपीपीओई (नेटवाल्याकडे लॉगिन व्हायची पद्धत) स्वतःसाठी 8 बाइट ठेवून घेतं. 1464 टाकल्यावर पॅकेट गेलं. त्यावर बोगद्याचं स्वतःचं वेष्टन. पाकीट मोठं, फट लहान, आणि कुणी सांगायला तयार नाही. त्याने एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, 1400 वर आणला. व्हीपीएनचा क्लायंट, म्हणजे लॅपटॉपवरचा प्रोग्राम, टीसीपीवर (हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवणारी पद्धत) होता, तो यूडीपीवर (न पाठवणारी) नेला, कारण टीसीपीच्या पोटात टीसीपी घातला की एक पाकीट हरवल्यावर आतला आणि बाहेरचा दोघेही ते पुन्हा पाठवत बसतात. व्हिडिओ कॉल बोगद्याबाहेर काढायला सिक्युरिटीवाल्यांनीही शेवटी मान डोलावली. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मायक्रोसॉफ्टही आपल्या टीम्स ॲपच्या कॉलबद्दल हेच सांगत होतं. आमच्याकडे निरोप पोचायला वेळ लागला, बहुधा व्हीपीएनवरून आला असावा.

आता फाइल झटक्यात उघडते. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "अरे वा, आवाज अगदी स्वच्छ येतोय! मग कॅमेरा लाव की. आणि फ्रँकफर्टचा रात्री साडेआठचा कॉल आता तूच घेत जा, बाकीच्यांचं नेट स्लो आहे."

सगळी सेटिंग मी लगेच टीमच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी अंगठा दाखवला. एकानेही लावलेली नाहीत.