दोन पातेली

जपानमध्ये क्योतोला शिकायला येऊन मला दोन वर्षं होत आली. पहिल्याच दिवशी विद्यापीठाच्या खाणावळीत मी उदोन घेतलं होतं. जाड पांढऱ्या शेवया, वर कांद्याची पात आणि तळलेल्या टोफूचा चौकोनी तुकडा. मांसाचा कुठे मागमूस नाही. वाडगा तोंडाशी नेला आणि वासावरूनच कळलं. तो रस्सा दाशीचा होता. बोनितो मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात. त्याचा पातळ कीस गरम पाण्यात टाकून जो अर्क निघतो, ती दाशी. आपल्याकडे फोडणी जशी जिथे तिथे, तशी इथे दाशी: मिसो सूपमध्ये, सोबा नावाच्या शेवयांच्या रश्श्यात, शिजवलेल्या भोपळ्यात, ऑम्लेटमध्येसुद्धा. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. ते तरी आपलं म्हणावं, तर सोबतच्या सॉसच्या पुडीत पुष्कळदा माशाचा अर्क निघतो. त्या दिवशी मी नुसता भात खाऊन उठले.

मग शिकत गेले. डुक्कर, गाय, कोंबडी, मासा यांची चिन्हं मी बाकीच्या लिपीच्या आधी पाठ केली. 'निकु' नको, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही, कारण निकुमध्ये मासा धरत नाहीत, आणि पुष्कळ जण हॅमचे बारीक तुकडेही धरत नाहीत. भाताच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये मुगाची खिचडी छान होते, हे कळलं तेव्हा अर्धी काळजी मिटली. तरीही कंटाळा येतो. थंडीत रात्री नऊला लॅबमधून निघाल्यावर काहीतरी गरम आयतं मिळावं असं वाटतं, दुकानात शिरावं तर तिथलं जवळपास काहीच चालत नाही, तेव्हा रडू येतं.

पण माझ्या या हालांचा घरी जो उपयोग केला जातो, त्याबद्दल मला बोलायचं आहे. आमच्या नात्यातल्या एका काकांचं म्हणणं असं: 'परदेशात आपल्या पोरांना शाकाहारी राहताना काय सोसावं लागतं ते बघा. निदान आपल्या देशात तरी शाकाहाऱ्यांसाठी वेगळी जागा नको का?' वेगळी जागा म्हणजे काय, तर सोसायटीत मांस खाणाऱ्याला घर नको, वसतिगृहात टेबलं निराळी हवीत, सणाच्या दिवशी मटणाची दुकानं बंद हवीत. आणि याला पुरावा कोणाचा, तर माझा.

माझा अनुभव याच्या बरोबर उलट सांगतो.

आधी माझ्या शाकाहाराबद्दल. आमचं घर शेतकऱ्याचं आहे, जातीने शाकाहारी नाही. आजोबा, म्हणजे आमचे आबा, माळकरी. दहावीनंतर त्यांच्याबरोबर वारीला गेले तेव्हा पंढरपुरात मीही तुळशीची माळ घातली. माझे धाकटे काका खाणारे. आखाडात घरी मटण व्हायचं ते मागच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. गावच्या जत्रेला पाहुणे मटणासाठीच यायचे. आबा त्यांच्या हातावर पाणी घालायचे, 'पोटभर जेवा' म्हणायचे आणि आपली आमटी-भाकरी घेऊन त्यांच्याच पंगतीत बसायचे. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासायचे. माळ मी घातली आहे, मग तिची तोशीस मीच काढणार, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. त्यांच्या तोंडून 'शुद्ध' हा शब्द जेवणाबद्दल मी कधी ऐकला नाही.

म्हणून शाकाहार म्हणजे निव्वळ उच्चवर्णीयांचं खूळ, असं कुणी म्हणालं की मला लागतं. वारकऱ्यांच्या माळेत सगळ्या जातींची माणसं आहेत. पण या आरोपात तथ्य कधी येतं, तेही मला इथे येऊन नीट कळलं.

जपानमध्ये मांस कायम असंच खात होते असं नाही. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस वर्षातले ठरावीक महिने खायचं नाही, असा हुकूम काढला. बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली चारपायी जनावराचं मांस पुढे शेकडो वर्षं कमी दर्जाचं मानलं गेलं. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि हवा पालटली. पण मधल्या शतकांत मेलेली जनावरं ओढणारे, कातडी कमावणारे आणि कत्तल करणारे लोक विटाळाचे ठरले होते. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, सोयरीक वेगळी. हेच बुराकू. १८७१ मध्ये कायद्याने तो भेद रद्द केला, तरी तो गेला नाही. ३ मार्च १९२२ रोजी याच शहरात, ओकाझाकीला, बुराकूंनी सुईहेइशा ही आपली संघटना उभी केली. माझ्या खोलीपासून ते ठिकाण सायकलने दहा मिनिटांवर आहे. भेदभाव संपवण्यासाठी सरकारला २०१६ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. आज हा अख्खा देश मांस आवडीने खातो, आणि तोक्योतल्या शिबाउरा कत्तलखान्यातल्या कामगारांना अलीकडच्या काळातही द्वेषाची पत्रं आलेली आहेत.

ओकाझाकीला पहिल्यांदा गेले तेव्हा मला आमच्याच गावाची वेस आठवली. अन्नावरून माणूस विटाळायला धर्म वेगळा लागत नाही, देशही वेगळा लागत नाही. मी काय खाते हा माझ्या व्रताचा भाग आहे. समोरचा काय खातो त्यावरून तो माझ्या शेजारी बसायच्या लायकीचा आहे की नाही हे मी ठरवायला लागले, की ते व्रत उरत नाही. ती जात होते.

आयआयटी मुंबईत २०२३ मध्ये नेमकं हेच घडलं. वसतिगृहाच्या खाणावळीत आधी 'इथे फक्त शाकाहाऱ्यांनी बसावं' अशी पत्रकं लागली, मग सहा टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली, आणि निषेध केला म्हणून एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. माझ्या खाणावळीत माझ्या शेजारी रोज कोणी ना कोणी डुकराच्या मांसाचं कटलेट खात असतं. पहिला महिना मला वासाने मळमळायचं. तो त्रास खरा होता, पण तो माझा होता. त्यासाठी कुणी उठून दुसरीकडे जावं, हे मनातही आलं नाही. आलं असतं तरी बोलायची हिंमत झाली नसती, आणि घरी ती हिंमत का होते, हा प्रश्न प्रत्येक शाकाहाऱ्याने स्वतःला विचारावा.

एक मागणी मात्र मी इथेही करते आणि ती मागे घेणार नाही. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो. त्याची किंमत मला इथे कळली. जपानमध्ये अ‍ॅलर्जीसाठी काही ठरावीक पदार्थ छापणं सक्तीचं आहे: कोळंबी, खेकडा, गहू, सोबा, अंडं, दूध, शेंगदाणे, अक्रोड वगैरे. शाकाहाराची सक्तीची खूण नाही, म्हणून बिस्किटातली डुकराची चरबी शोधायला मागच्या बाजूची बारीक अक्षरं एकेक करून वाचावी लागतात. खाण्यात काय आहे ते सांगा, असं म्हणणं हा हक्क आहे. आमच्या विद्यापीठात काही विद्यार्थी ही मागणी करताहेत, त्यांत मीही आहे.

आणि म्हणूनच शाळेतल्या अंड्याचं मला अतोनात वाईट वाटतं. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. ज्या मुलाला अंडं नको त्याला केळं. दोघंही पोटभर जेवतील, कुणाचं व्रत मोडणार नाही, कुणी कुणाला नाव ठेवणार नाही. आबांच्या पंगतीसारखीच व्यवस्था होती ती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी बंद केला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करायला सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत कुठला लोकसहभाग? त्या मुलांचे आईबाप सकाळी दुसऱ्याच्या रानात गेलेले असतात. मी तशाच शाळेत शिकले. माझ्या बाकावरच्या मुलीला घरी आठवड्यातून एकदाही अंडं मिळत नव्हतं, आणि ती तर अंडं खाणारी होती. माझ्यासारख्यांच्या नावावर तिच्या ताटातलं काढून घ्यायला मी कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात आमच्या लॅबचं वर्षअखेरचं जेवण होतं. नाबे, म्हणजे टेबलाच्या मधोमध शेगडीवर मोठं पातेलं, त्यात सगळे मिळून शिजवतात आणि त्यातूनच घेतात. मी नेहमीप्रमाणे घरून डबा नेला. पाहते तर मोठ्या पातेल्याशेजारी एक छोटं मातीचं पातेलं. लॅबमधल्या एका मोठ्या विद्यार्थ्याने ते घरून आणलं होतं. कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी, त्यात टोफू, चायनीज कोबी, तीन जातींची अळंबी. त्याने चमचाही वेगळा ठेवला होता. कुणी भाषण केलं नाही, मला वेगळ्या टेबलावर बसवलं नाही. दोन्ही पातेली एकाच शेगडीच्या उबेला होती आणि माझ्यातलं टोफू बाकीच्यांनीही मागून घेतलं.

रविवारी आबांना फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पातेलं कुणी घासलं गं?"

"मी," म्हटलं. "दोन्ही."