पाटाच्या शेपटाला कोण?

पंधरा दिवसांपासून एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. आमच्या गावच्या ग्रुपवर तो तीनदा आला, एकदा तर खुद्द जिभाऊंकडून. सार असं: विज्ञान आलं आणि तत्त्वज्ञान संपलं; उरलं ते शहरातल्या रिकामटेकड्यांचं चोचलं; शेतकऱ्याच्या पोटापाण्याशी त्याचा तीळमात्र संबंध नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तोच मला झोंबला. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची पाणीवाटपाची फड पद्धत जिभाऊंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि शक्यतो प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. पावसाने दगा दिला की मोजक्याच फडांना पाणी सोडायचं. तुकडे विखुरलेले, म्हणून तूट सगळ्यांच्या ताटात थोडी थोडी पडते. नदीला पाणी किती, ते मोजता येतं. ते आधी कोणाला द्यायचं, हे मोजून कळत नाही. १९७१ साली जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने न्यायाची कसोटी मांडली ती अशी: समाजात आपली जागा कोणती, हे माहीत नसताना तुम्ही कोणते नियम कबूल कराल? म्हणजे आपलं शेत पाटाच्या तोंडाशी की शेपटाला, हे ठाऊक नसताना पाण्याची पाळी ठरवायची. पांझरेकाठच्या लोकांनी फड पाडले ते रॉल्सच्या कितीतरी आधी.

विज्ञानाने तत्त्वज्ञान संपवलं, असं २०१० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगही म्हणाले होते, म्हणून या वाक्याला वजन आलं. पण ब्रिटनमध्ये मानवी भ्रूणावर किती दिवस संशोधन चालू द्यावं, हा पेच आला तेव्हा समितीचं अध्यक्षपद दिलं गेलं मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाईंना. कितव्या दिवशी भ्रूणात काय घडतं, हे जीवशास्त्राने सांगितलं. रेघ कुठे मारायची, हे वाद घालूनच ठरलं. त्यांच्या १९८४ च्या अहवालातली १४ दिवसांची मर्यादा १९९० मध्ये कायद्यात आली.

राहिलं शहरी चोचलं. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाची अभ्याससंस्था, १९१६ साली उभं राहिलं, गिरणीमालक प्रताप शेठांच्या पैशातून. साने गुरुजी आधी तिथे शिकायला राहिले, मग गावातल्याच शाळेत मास्तर झाले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, तेही हेच.

एक गोष्ट मात्र कबूल. त्या तत्त्वज्ञान मंदिराचं नावाजलेलं त्रैमासिक इंग्रजीत निघायचं. तिथे काही काळ संचालक असलेले तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांनी विचारांतल्या स्वराज्याचा आग्रह धरला, त्यांनी तो आग्रहही इंग्रजीतच मांडला. मंदिराच्या भिंतीपलीकडे, अमळनेरच्या बाजारात, त्यातलं किती पोचलं असेल? फॉरवर्डात ही तक्रार असती, तर जिभाऊ, मीच ती आणखी चार ग्रुपवर टाकली असती.